मुंबईच्या उकाड्यात गप्प राहणारं ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं

ग्राफिक्स कार्डांच्या चाचण्या बहुतेक वेळा २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्याच्या दुपारी दादर-बोरिवलीच्या घरात ३२-३३ अंश सहज असतात. तिथे ६५ अंशांवर चाललेलं कार्ड इथे ७५ च्या पुढे जातं आणि ते आवरायला फॅन जोरात फिरू लागतात. म्हणून रिव्ह्यूतल्या तापमानात आधी दहा अंश मिळवा, मगच त्यातला आवाजाचा आकडा वाचा.

निवड वॉटपासून सुरू करायची, फॅनच्या संख्येपासून नाही. कार्ड जेवढे वॉट खातं, तेवढी उष्णता खोलीत सोडतं. कूलर फक्त ती चिपवरून उचलून बाहेर टाकतो. काही मॉडेलचे आकडे असे: आरटीएक्स ५०६० चे १४५ वॉट, ५०६० टीआयचे १८०, रेडिऑन आरएक्स ९०७० चे २२०, आरटीएक्स ५०७० चे २५० आणि ९०७० एक्सटीचे ३०४. दहा बाय दहाची खोली आणि एसी नाही, तर १८० च्या वर जाऊ नका. एसी असेल तर २२०-२५० चालतील. गेम खेळायचेच नसतील तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागवा. त्याहून शांत कार्ड बाजारात नाही. दोन-तीन मॉनिटर आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग एवढंच असेल तर ७० वॉटचं ६ जीबीवालं आरटीएक्स ३०५० पुरतं, बऱ्याच मॉडेलना एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) वेगळी वायरही लागत नाही.

चिप ठरली की त्याच चिपचं सर्वांत मोठा हीटसिंक (उष्णता शोषून पसरवणारा धातूचा भाग) असलेलं मॉडेल बघा. १८० वॉटच्या चिपवर तीन फॅनचा, मदरबोर्डच्या अडीच खाचांएवढा (स्लॉट) जाड कूलर म्हणजे दुकानदार म्हणेल ‘कशाला एवढं?’ पण शांतता नेमकी त्या जादा धातूतच असते. एकाच फॅनने हवा मागे फेकणारं ब्लोअर कार्ड घेऊ नका. घेण्याआधी टेप लावा: कॅबिनेटच्या माहितीत कार्डाच्या लांबीसाठी ‘३३० मिमी’ लिहिलेलं असलं तरी पुढच्या फॅनचे २५ मिमी त्यातून वजा होतात का ते पाहा. कार्डाच्या फॅनखाली किमान तीन सेंटीमीटर मोकळी जागा हवी. काचेला चिकटवून उभं लावलेलं कार्ड दिसतं झकास, पण त्याचा श्वास कोंडतो.

आता मुंबईचा खास त्रास. बहुतेक कार्डांचे फॅन साधारण ५०-६० अंशांपर्यंत बंदच असतात. खोलीच ३२ अंशांवर असेल तर नुसतं ब्राउझर उघडं ठेवून कार्ड त्याच सीमेवर घुटमळतं आणि फॅन दर मिनिटाला चालू-बंद होतात. एकसारख्या मंद आवाजापेक्षा हे जास्त डोकं खातं. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फॅन टॅबमध्ये स्वतःचा कर्व्ह (किती तापमानाला फॅन किती वेगात, याची रेघ) आखा आणि हिस्टेरेसिस, म्हणजे तापमान किती उतरल्यावर फॅन मंद व्हायचा तो फरक, ५ ते ८ अंश ठेवा. तरीही जमलं नाही तर फॅन ३० टक्क्यांवर कायम फिरू द्या. ६० आणि १४४ हर्ट्झचे दोन मॉनिटर एकत्र जोडले की काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण वेगात राहते आणि कार्ड तापतं. तेव्हा दोन्हींचा रिफ्रेश रेट (हे हर्ट्झचे आकडे) जुळवून बघा.

त्याच आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम थोड्याच कमी होतात, आवाज मात्र चांगलाच उतरतो. फुकटातला एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

कॉइल व्हाइन म्हणजे कार्डावरच्या कॉइलची किरकिर. फॅन बदलून ती जात नाही. गेमच्या मेनूत फ्रेम पाचशेवर गेल्या की ती सर्वांत जास्त ऐकू येते, म्हणून ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा घाला: १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला १४१. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानात कार्ड लावून दाखवलं तरी रहदारीत ही किरकिर कानावर येणार नाही. त्यामुळे एवढ्या कारणासाठी कार्ड बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. वॉरंटीत हा बिघाड सहसा धरत नाहीत. जीएसटीचं बिल घ्या आणि बिल, खोका, कार्ड या तिन्हींवरचा सीरियल नंबर तिथेच जुळवा. बाहेरून परस्पर आणलेल्या स्वस्त मालाला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, बंद काचेचं नको. पुढे १४० मिमीचे दोन फॅन ७०० ते ८०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे), मागे एक. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल तर पुढचा फिल्टर पंधरा दिवसांतच बुजतो आणि शांत कार्ड पुन्हा घरघरू लागतं. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून लावा. पावसाळ्यात तो रात्रभर पंख्याखाली ठेवावा लागतो. कार्डावरची धूळ उडवायला हवेचा ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने फॅन वेड्यासारखा फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि नंतरची खरखर कुठल्याच सेटिंगने जात नाही.