ऑस्ट्रेलियात केअरच्या कामाला लागताय? आधी कायद्याची बाजू पक्की करा

एज्ड केअर (वृद्धांची सेवा) किंवा डिसॅबिलिटी सपोर्टच्या (अपंगांना मदतीच्या) कामाला लागणाऱ्या आपल्या मुलामुलींना म्हाताऱ्या माणसांचं करायला कमीपणा वाटत नाही. त्यांची अडचण दुसरीकडे येते. घरी आजोबांना "चला, अंघोळ उरका" म्हणत हाताला धरून नेणं ही माया असते. इथल्या नर्सिंग होममध्ये आजोबा "नको" म्हणत असताना तेच केलं तर तो कायद्याने हल्ला ठरू शकतो. निर्णय कोणाचा, हा प्रश्न या कामात पावलोपावली उभा राहतो आणि बहुतेक वेळा उत्तर 'त्यांचा' असंच असतं.

वृद्धांच्या सेवेसाठी १९९७ च्या जुन्या कायद्याच्या जागी एज्ड केअर अ‍ॅक्ट २०२४ आला आणि तो १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात हक्कांची यादी आहे आणि त्यात स्वतःच्या जबाबदारीवर धोका पत्करण्याचा हक्कही आहे. डायबेटिस असलेल्या बाईंनी समजून-उमजून केकचा तुकडा मागितला, तर तो काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही. परिणाम सांगा, नोंद करा, नर्सला कळवा. डिसॅबिलिटीत एनडीआयएस (अपंगांसाठीची सरकारी योजना) अ‍ॅक्ट २०१३ आणि त्याखालचा कोड ऑफ कंडक्ट चालतो. प्रोव्हायडर, म्हणजे सेवा देणारी संस्था, रजिस्टर्ड नसला तरी हा कोड तुम्हाला लागू होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. एनडीआयएस वर्कर स्क्रीनिंग चेक (कामाआधीची पार्श्वभूमी तपासणी) पाच वर्षं चालतो आणि सगळ्या राज्यांत ग्राह्य असतो. लहान मुलांबरोबर काम करण्याचा चेक मात्र राज्याराज्याचा वेगळा आहे. सिडनीचा चेक घेऊन मेलबर्नला गेलात तर तिथला नव्याने काढावा लागतो. मुदतही वेगळी: न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात पाच वर्षं, क्वीन्सलंडच्या ब्लू कार्डला (तिथला हाच चेक) तीन.

'नको' म्हटल्यावर

कारण विचारा. पाणी गार आहे का, कुठे दुखतंय का, की पुरुष वर्कर नको आहे? मग पर्याय द्या: अर्ध्या तासाने, दुसऱ्या वर्करकडून, किंवा आज नुसतं अंग पुसून. तरीही नकार असेल तर थांबा, नोंद करा, हँडओव्हरला (शिफ्ट बदलताना) सांगा. नकार रोजचाच होऊ लागला तर नर्सला कळवा, कारण मागे दुखणं किंवा इन्फेक्शन असू शकतं. नकार मिळाला म्हणून पाठ फिरवून दिवसभर तसंच ठेवलं, तर तो हलगर्जीपणा.

"त्यांना डिमेन्शिया आहे, त्यांना काय कळतंय" हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. प्रत्येक प्रौढ माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो असंच आधी धरलं जातं. सकाळी बँकेचा व्यवहार न कळणाऱ्या माणसाला कुठला शर्ट घालायचा हे नीट ठरवता येतं. मुलगा दारात येऊन हुकूम सोडू लागला, तर तो कायदेशीर नेमलेला आहे का, आणि कशासाठी, हे फाईलमध्ये बघा. न्यू साउथ वेल्समध्ये पैशांचं मुखत्यारपत्र वेगळं आणि आरोग्य-राहणीमानासाठी नेमलेला गार्डियन वेगळा. पैशाचा कागद दाखवून कोणी औषधाचा निर्णय घेऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त पाय घसरतात ते अडवणुकीत. अशा अडवणुकीचे (रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिसेस) पाच प्रकार मानले जातात: एकटं कोंडणं, औषधाने शांत करणं, साधनाने बांधून ठेवणं, अंगबळाने धरणं आणि आजूबाजूची वाट बंद करणं. ऐकताना हे तुरुंगातलं वाटतं, पण प्रत्यक्षात ते असं दिसतं: हिंडू नयेत म्हणून पलंगाची कठडी वर करणं, वॉकर हाताला लागणार नाही असा लांब ठेवणं, स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप, चहात गोळी विरघळवणं. हेतू चांगला असला तरी परवानगी आणि लेखी योजना नसेल तर हा गुन्ह्याइतकाच गंभीर मामला होतो. तुमच्या आधीच्या वर्करने केलं म्हणून तुम्हीही करू नका. आधी ती लेखी योजना, म्हणजे बिहेवियर सपोर्ट प्लॅन, मागा.

नोंद कशी लिहायची

"आज बाई चिडचिड्या होत्या, सहकार्य केलं नाही" ही नोंद कुचकामी, कारण तो तुमचा निष्कर्ष आहे. अशी लिहा: "सकाळी ७:४० ला अंघोळीबद्दल विचारलं. 'खांदा दुखतोय, आज नको' म्हणाल्या. उजवा हात वर उचलत नव्हत्या. ८:१५ ला पुन्हा विचारलं, नकार. अंग पुसायला होकार दिला, पुसलं. ८:३० ला ड्यूटीवरच्या नर्सना सांगितलं." वेळ, डोळ्यांनी दिसलेलं, त्यांचेच शब्द, तुम्ही काय केलं, कोणाला सांगितलं. कागदावर चूक झाली तर एक आडवी रेघ मारून सही-वेळ घाला. व्हाइटनर लावलेली नोंद कोर्टात तुमच्याच विरुद्ध जाते. न केलेल्या कामाची आगाऊ टिक तर कधीच नको. रात्री दोनची राउंड बारालाच टिक केलेली असते आणि नेमकं मध्ये कोणीतरी पडलेलं असतं.

काहीतरी गंभीर दिसलं तर

आधी माणूस सुरक्षित करा, गरज असेल तर ००० (आपत्कालीन नंबर). मग लगेच सुपरवायझर, शिफ्ट संपायची वाट बघू नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुवायला टाकू नका. स्वतः चौकशी करत बसू नका. दहा प्रश्न विचारून तुम्ही पोलिसांचा पुरावा बिघडवता.

पुढची घड्याळं प्रोव्हायडरची. एज्ड केअरमध्ये पहिल्या प्राधान्याची घटना (इजा होऊन उपचार लागलेली किंवा पोलिसांत देण्यासारखी) कळल्यापासून २४ तासांत, दुसऱ्या प्राधान्याची (बाकीची) ३० दिवसांत कमिशनला, म्हणजे देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, जाते. एनडीआयएसमध्ये मृत्यू, गंभीर इजा, छळ किंवा दुर्लक्ष यांना २४ तास. परवानगीशिवाय केलेल्या अडवणुकीला, इजा झाली नसेल तर, पाच कामाचे दिवस. वरिष्ठांनी प्रकरण दाबलं तर तुम्ही स्वतः कळवू शकता: एज्ड केअर कमिशन १८०० ९५१ ८२२, एनडीआयएस कमिशन १८०० ०३५ ५४४. नवा एज्ड केअर कायदा अशा तक्रारदाराला संरक्षण देतो, आणि नाव न सांगताही तक्रार करता येते. स्टुडंट व्हिसावर पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा सांभाळताना दुखावलेला मॅनेजर शिफ्ट कापेल, ही भीती खरी आहे. म्हणूनच कोणाला काय, कधी सांगितलं याची लेखी नोंद त्याच दिवशी करा. सोबत रेसिडेंटची माहिती किंवा फाईलचे फोटो घरी नेऊ नका.

मुलांच्या बाबतीत कळवण्याची सक्ती कोणावर, हे प्रत्येक राज्य ठरवतं. नॉर्दर्न टेरिटरीत ती प्रत्येक प्रौढावर आहे. न्यू साउथ वेल्समध्ये पगारावर मुलांसाठी आरोग्य, कल्याण, शिक्षण अशा सेवा देणाऱ्यांवर आहे, हेल्पलाइन १३२ १११. पुरावा तुमच्याकडे असायला हवा असं नाही, शंकेला वाजवी आधार पुरतो.

मराठी क्लायंट असेल तर

मुलांकडे आलेल्या आजीआजोबांचं काम मिळालं की दोन गोष्टी हमखास होतात. एक, डॉक्टर म्हणतात "तूच सांग ना यांना". चहापाणी, अंघोळ, जेवण याबद्दल जरूर बोला. शस्त्रक्रियेची संमती, निदान, मृत्युपत्र असलं की हात वर करा आणि दुभाषा मागवा. टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषा सेवेचा १३१ ४५० हा नंबर चोवीस तास चालतो. तुमचा एक चुकलेला शब्द ती संमतीच रद्दबातल ठरवू शकतो. दुसरं, मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारतं, "काकूंची तब्येत कशी आहे हो?" उत्तर: "त्यांनाच फोन करा, बरं वाटेल." सर्जरी झाली, मुलाशी पटत नाही, हे सांगणं तर सोडाच, त्यांचं काम तुम्ही करता हेही सांगायचं नाही.

दिवाळीचा डबा आला तर तो कंपनीच्या गिफ्ट रजिस्टरमध्ये लिहा. पाकीट, सोन्याची वस्तू, बँकेचा पिन यांना तिथल्या तिथे नम्र नकार द्या आणि तोही नोंदवा.