सकाळची धावपळ रात्रीच अर्धी उरका

सकाळी डबा करून ७:४२ ची लोकल पकडायची असेल ना, तर खरं काम रात्री जेवण झाल्यावरच्या पंधरा मिनिटांत होतं. मी आधी पहाटे उठून गवार मोडत बसायचे आणि मग रोज स्टेशनच्या जिन्यावर धापा टाकत पळायचे. आता भाजी रात्रीच टीव्ही बघता बघता निवडून ठेवते, कणीक घट्टसर मळून वरून तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डब्यात फ्रीजला टाकते, फक्त सकाळी उठल्या उठल्या पहिली ती बाहेर काढायची नाहीतर गारढोण कणकेच्या पोळ्या नीट लाटल्याच जात नाहीत. मटकी शनिवारी रात्री भिजत घातली की रविवारी सकाळी फडक्यात बांधायची, सोमवारच्या उसळीला मस्त मोड येतात. सकाळी कुकर लावला की लगेच आंघोळ, शिट्ट्या मोजायला घरात कोणीतरी असतंच (नवऱ्याला तेवढं जमतं). पास, चावी, चार्जर रात्रीच पर्समध्ये. आणि चहा होईपर्यंत व्हॉट्सअॅप उघडायचं नाही, गुड मॉर्निंगची फुलं बघण्यातच दहा मिनिटं जातात हो!