जाहिरात न करता वकिली फर्मचं नाव कसं करायचं

वकिलांच्या फर्मसाठी मजकूर लिहिणं, वेबसाइट उभी करणं हे माझं काम. मी स्वतः वकील नाही. नव्या फर्मचा फोन आला की मागणी ठरलेली असते: "मॅडम, इन्स्टाग्रामवर जोरात करू या." मग मी त्यांना आधी नियम ३६ वाचायला लावते. सनद म्हणजे वकिलीचा परवाना घेऊन वर्षं झालेल्या कित्येकांनाही तो पुरता ठाऊक नसतो.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ खाली बार काउन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने, केलेल्या नियमांतला हा नियम. जाहिरात, पत्रकं, दलाल, ओळखपाळख नसताना गाठीभेटी, स्वतः चालवत असलेल्या केसबद्दल पेपरात मजकूर किंवा फोटो छापून आणणं, यातल्या कुठल्याही वाटेने काम मागायचं नाही. आडवळणानेही नाही. नियम मोडल्याचं सिद्ध झालं तर याच कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे समज मिळण्यापासून सनद जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. मुंबईत कोर्टाच्या दारातच पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचं प्रकरण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०२४ च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये बार काउन्सिलने रील आणि इन्फ्लुएन्सरवाल्या जाहिरातींबद्दल ताकीद दिली. तेव्हा 'सगळेच करतात' हे मला सांगू नका, शिस्तपालन समितीला सांगून बघा.

मग उरतं काय? उरतो पक्षकार. तुमच्या ऑफिसातून घरी गेल्यावर तो भावाला, शेजाऱ्याला काय सांगतो, त्यावर तुमचं नाव ठरतं. वेबसाइट, पाटी, लोगो ही कामं त्यानंतरची. ती आधी पटकन उरकून घेऊ.

पाटी बेताच्या आकाराची हवी, आणि तिच्यावर विशेष प्राविण्य लिहायचं नाही. 'कौटुंबिक दाव्यांचे तज्ज्ञ' चालत नाही, बार असोसिएशनचे माजी अध्यक्ष हेही नाही. लेटरहेडला हाच नियम, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डवरही तेवढंच ठेवा. नावाच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच, की एकट्या माणसाने 'अँड असोसिएट्स' लावू नये. पहिल्या भेटीत पक्षकार असोसिएट्स शोधतो आणि त्याला दिसतो एक कारकून. लोगोत तराजू नको, हातोडा तर नकोच. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, तो सिनेमातून आलाय. साध्या, ठळक अक्षरात नाव लिहा. पाटीवर, नोटिशीवर, ईमेलखाली सगळीकडे तेच अक्षर, तोच रंग. ब्रँडिंगवर एवढा खर्च पुरे.

वेबसाइटला नियम ३६ च्या २००८ सालच्या दुरुस्तीने वाट करून दिली. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक आणि तारीख, कुठल्या बारचे सदस्य, शिक्षण, आणि कुठल्या प्रकारची कामं करता, एवढं देता येतं. सोबत ही माहिती खरी असल्याचं घोषणापत्र. म्हणजे जे पाटीवर चालत नाही ते कामाचं क्षेत्र इथे लिहिता येतं. ते नेमकं लिहा. 'दिवाणी, फौजदारी, महसूल, कौटुंबिक, कंपनी, सायबर' अशी यादी वाचून कोणालाच काही कळत नाही. 'जमिनीच्या वाटणीचे दावे, खरेदीखतांची तपासणी, सोसायटीचे वाद' असं लिहिलं की ज्याचा वाटणीचा दावा आहे तो थांबतो. यशाचा टक्का, जिंकलेल्या केसेस, पक्षकारांचे अभिप्राय यातलं काही टाकायचं नाही. बऱ्याच साइटवर उघडताच 'मी स्वतःहून माहिती घेत आहे' असं बटण येतं. ते असू द्या, पण त्या बटणामागे जाहिरात दडवली तर ती जाहिरातच राहते.

आता मुख्य काम. बहुतेक पक्षकारांची तक्रार केस हरल्याची नसते, तारखेला काय झालं ते कोणी सांगत नाही ही असते. अर्धा दिवस कोर्टाच्या व्हरांड्यात काढून माणूस घरी जातो आणि बायको विचारते, "काय झालं?" त्याच्याकडे उत्तर नसतं. ते उत्तर तुम्ही द्या. तारीख झाली त्याच संध्याकाळी, असा मेसेज जायला हवा:

"आज समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, कोर्टाने दिली. पुढची तारीख १४ ऑगस्ट. त्या दिवशी तुम्ही यायची गरज नाही. मूळ खरेदीखत मात्र त्याआधी ऑफिसात दाखवायला आणा."

काय झालं, पुढे कधी, यायचं का, काय आणायचं. बाकी मजकूर नको, 'शुभ संध्याकाळ' तर अजिबात नको. हे काम ज्युनिअरच्या नावावर लिहून टाका; 'कोणीतरी पाठवेल' म्हटलं की कोणीच पाठवत नाही. शिवाय केस दाखल झाली की १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख क्रमांक, पक्षकाराला द्या आणि केसची माहिती दाखवणारं ई-कोर्ट्सचं अ‍ॅप त्याच्या मोबाइलवर सुरू करून द्या. काही वकिलांना याची भीती वाटते: स्वतःच बघायला लागला तर आपल्याला उलटे प्रश्न विचारेल. विचारू द्या की. ज्याला लपवायचं नाही त्याला अडचण कसली?

फीबाबतही तसंच. पहिल्याच भेटीत एका कागदावर लिहून द्या: फी किती, कोर्ट फी, टायपिंग आणि झेरॉक्सचा खर्च वेगळा की त्यातच, अपील झालं तर त्याचं वेगळं. निकालावर टक्केवारी ठरवायची नाही, बार काउन्सिलच्याच नियम २० ला ते चालत नाही.

यानंतर लेखन. नियमात राहून अनोळखी वाचकापर्यंत पोचायचं असेल तर माहितीपर लेख हीच त्यातल्या त्यात सरळ वाट. पण विषय लहान निवडा. 'धनादेश अनादर: एक कायदेशीर विवेचन' कोण वाचणार? 'चेक परत आला, आता काय?' हा मथळा द्या आणि सरळ सांगा: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. किंवा 'मृत्युपत्र नोंदवावंच लागतं का?' नाही, नोंदणी ऐच्छिक आहे; दोन साक्षीदार मात्र हवेत. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी मिळाली असं नव्हे, यावर एक लेख लिहा, घरोघरी वाचला जाईल. विषय सुचत नसतील तर कारकुनाला विचारा, फोनवर लोक आधी काय विचारतात. लेखाखाली नाव आणि सनद क्रमांक, बस. 'आजच संपर्क साधा' लिहिलंत की लेखाची जाहिरात झाली. आणि तो लेख अनोळखी नंबरांवर फॉरवर्ड करत सुटू नका.

चालू केसचं काही सोशल मीडियावर नको. निकालाच्या प्रतीसोबतचा फोटो, 'आज आमच्या पक्षकाराला न्याय मिळाला' असलं स्टेटस, यात नियमही मोडतो आणि पक्षकाराचं घरचं भांडण गावभर होतं. ते वाचणारा पुढचा माणूस मनात म्हणतो, उद्या माझंही असंच टाकतील.

काम आणून देतो म्हणणारा कोर्टाच्या आवारात भेटेलच. त्याला चहासुद्धा पाजू नका. वकिलांच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर दलालांची यादी करण्याचा अधिकार कोर्टांना आहे आणि यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या यादीतल्या माणसासोबत तुमचं नाव घेतलं गेलं तर पाटी कितीही सुबक असो, उपयोग नाही.

शेवटी गुगलवरचे रिव्ह्यू. पक्षकारांकडून मागून घेऊ नका. वाईट रिव्ह्यू आला तर केसचा तपशील देऊन उत्तर द्यायचा मोह होतो, पण पक्षकाराने सांगितलेलं बाहेर काढता येत नाही, त्याने स्वतः शिव्या घातल्या तरी. माझ्याकडे याचा एकच मसुदा आहे: "आपली नाराजी वाचली. प्रकरणाबद्दल इथे बोलता येणार नाही. ऑफिसात फोन करा, बसून बोलू." हे लिहा, आणि फोन आला तर ज्युनिअरकडे न देता स्वतः घ्या.