लेसिक करायचंय? मग काय काय बिघडू शकतं ते आधी वाचा

माझं लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) होऊन बरीच वर्षं झाली, चष्मा गेला, मजेत आहे, पण पहिले सहा महिने डोळे इतके कोरडे पडायचे की सकाळी पापणी उघडताना आतून चिकटल्यासारखी वाटायची आणि आधी चाचपडत ड्रॉपची बाटली शोधायची, मग घड्याळ बघायचं. हे होतं असं मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, "पाच मिनिटांचं काम" एवढंच ऐकलेलं. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, बरेचसे लोचे ऑपरेशनच्या टेबलावर नाही तर त्याच्या आधीच्या तपासणीत टाळले जातात. कॉर्निया (बुबुळावरचं पारदर्शक आवरण) साधारण 540 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर. लेसिकमध्ये वरचा 100-120 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात (त्याला फ्लॅप म्हणतात), मग लेझर खालचा भाग नंबरप्रमाणे घासतो, दर एक नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन. फ्लॅपखाली किमान 250 तरी उरलेच पाहिजेत, बरेच डॉक्टर 300 धरतात. आता समजा कॉर्निया 490 चा आणि नंबर मायनस आठ, तर 490 मधून फ्लॅपचे 110 गेले, मग लेझरने अजून 110 गेले, उरले 270. इथे घाई करू नका. कॉर्निया कमकुवत राहिला तर पुढे तो हळूहळू फुगून पुढे येतो, त्याला एक्टेझिया म्हणतात, नंबर परत वाढतो आणि चष्म्यानेही नीट दिसत नाही. केराटोकोनस (कॉर्निया आपोआप पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) आधीपासूनच लपलेला असेल तरी तेच होतं, म्हणून टोपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा, रंगीत नकाशा काढल्याशिवाय हो म्हणूच नका. आणि तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद, सॉफ्ट असेल तर एक-दोन आठवडे, हार्ड असेल तर तीन-चार किंवा जास्तही, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि मापच चुकीचं येतं.

डॉक्टरपासून काही लपवू नका. डोळे आधीच कोरडे असतील, सांधेवातासारखा ऑटोइम्यून आजार असेल, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, प्रेग्नन्सी असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, वर्षभरात नंबर बदलला असेल, सगळं सांगायचं. डोळे चोळायची सवय असेल तर तीही.

आता ऑपरेशननंतर. पहिले काही तास जळजळ, पाणी, वाळू गेल्यासारखं खुपणं हे ठीक. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात, त्यामुळे डोळ्याला कोरडेपणा कळतच नाही नीट आणि अश्रू कमी येतात, बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, काहींचं रेंगाळतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप घ्या आणि खुपायची वाट न बघता ठरल्या वेळी टाका. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटभोवती वलयं दिसणं, दिव्याला काटे फुटल्यासारखं दिसणं हेही सुरुवातीला होतं, म्हणून रात्रीचं ड्रायव्हिंग लगेच नको.

मी एक केलेलं ते तुम्हीपण करा, रोज सकाळी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची एकच ओळ वाचायची, मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चूक झाकून टाकतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, डोळा लालभडक, पू येतोय, उजेड सहन होत नाही, काल वाचलेली ओळ आज धुरकट, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका. इन्फेक्शन असू शकतं, फ्लॅपखाली सूज असू शकते (ही साधारण पहिल्या आठवड्यात येते, वेळेत कळली तर स्टेरॉइड ड्रॉपने बरी होते) किंवा फ्लॅप सरकून सुरकुती पडलेली असू शकते, आणि ती जितकी लवकर सरळ केली तितकं बरं. मेडिकलमधून आपल्या मनाने ड्रॉप आणू नका, आणि दिलेले स्टेरॉइड ड्रॉप सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त चालवू नका, डोळ्याचं प्रेशर वाढतं.

झोपताना सांगितले तेवढे दिवस शील्ड लावा, झोपेत हात कुठे जातो आपल्याला कळत नाही. फ्लॅप पूर्वीसारखा घट्ट कधीच जुळत नाही, जोरात बोट किंवा बॉल लागून काही वर्षांनीही सरकल्याच्या केसेस आहेत. बॉक्सिंग, कुस्ती वगैरे खेळत असाल तर पीआरके हा लेझरचा दुसरा प्रकार विचारा, त्यात फ्लॅपच नसतो, पण पहिले तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नंतर कॉर्नियावर धुरकटपणा येऊ नये म्हणून उन्हात गॉगल लागतो.

थोडा नंबर राहिला तर लगेच दुसऱ्यांदा लेझरचा हट्ट नको, नंबर स्थिर व्हायला काही महिने जातात. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागेलच, ती लेसिकची चूक नाही. मायनस नंबर मोठा होता त्यांचा डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) अजूनही तसाच नाजूक आहे, त्यामुळे अचानक काळे ठिपके किंवा चमका दिसल्या तर लगेच दाखवा.

आणि ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट फाईलला लावून ठेवा, फोटो काढून मेलवरही टाका. पुढे मोतीबिंदू झाला की लेन्सचा नंबर काढताना ते लागतात, आणि पातळ कॉर्नियामुळे डोळ्याचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, तेव्हा डोळ्याच्या कुठल्याही नवीन डॉक्टरकडे गेलात की आधी "माझं लेसिक झालंय" एवढं सांगायचं.