सर्जनफिश आणताय? आधी या चुका टाळा

रविवार आला की फोन ठरलेला. "काका, निळी डोरी आणलीय. तीन फुटी टँक आहे, चालेल ना?" नाही चालणार. डोरी म्हणजे समुद्री सर्जनफिशच, या माशांना टँगही म्हणतात. दुकानात बोटाएवढी दिसते, पण ती फूटभर होते आणि दिवसभर येरझाऱ्या घालते. सहा फुटी टँक नसेल तर तिचं नाव काढू नका. नासो टँग तर दीड फुटापर्यंत जातो. चार फुटांत हौस भागवायची असेल तर टोमिनी किंवा कोले टँग घ्या. वीतभरही होत नाहीत आणि काचेवरचं शेवाळ खरवडत बसतात.

पण माझं डोकं खरं फिरतं ते नवा मासा पिशवीतून थेट मोठ्या टँकमध्ये सोडणाऱ्यांमुळे. मी स्वतः केलंय म्हणून बोलतोय. लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळांवर फिरणारा पावडर ब्लू टँग, त्याचा रंग बघून भुललो. आठवड्यात अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके. अन्नाला लसूण लावला, चौथ्या दिवशी ठिपके गायब! मी घरभर सांगत सुटलो, "लागू पडलं." कसलं काय. तो परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशावरून उतरून वाळूत गाठ करून बसतो आणि एकेका गाठीतून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. दुसऱ्या फेरीत पावडर ब्लू गेला, पाठोपाठ दोन्ही क्लाउनफिश. घाबरून टँकमध्येच तांब्याचं औषध ओतलं. सकाळी गोगलगायी वाळूवर उलट्या पडलेल्या.

आता बाल्कनीलगत दोन फुटी साधा टँक असतो: स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, वाळू नाही. नवा मासा महिनाभर तिथे. तांबं द्यायचं तर तिथेच, आणि टेस्ट किटने मोजून. मोठ्या टँकमध्ये रोग शिरलाच तर परजीवी उपाशी मरावा म्हणून मी तो ७६ दिवस माशांविना ठेवतो. "इतके दिवस?" म्हणणाऱ्यांनी गप्पी पाळावेत.

जाळीने पकडू नका. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पातं असतं, ते जाळीत अडकतं. सोडवायला गेलात तर बोट कापलंच. मी प्लास्टिकच्या डब्याने पकडतो.

नुसत्या पेलेटवर (गोळीच्या खाद्यावर) ठेवू नका, रोज नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, लावा.

सोहल टँग दादागिरी करतो. आणायचाच तर सगळ्यांत शेवटी.

आणि बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. आपल्याकडे गुरुवारी वीज जाते, आणि कमी ऑक्सिजनमध्ये टँग सगळ्यांत आधी धापा टाकायला लागतो.