‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’: रोड सेफ्टीत यायचंय त्यांच्यासाठी

सिव्हिलचा रिझल्ट लागला की दरवर्षी ओळखीतली दोन-तीन पोरं तरी विचारतात, ताई रोड सेफ्टीत काही करिअर होतं का, की सगळं हेल्मेट रॅली आणि चित्रकला स्पर्धेपुरतंच असतं? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते. मी कळव्याची, आधी डिप्लोमा मग डिग्री, दोन वर्षं बिल्डरकडे साइटवर काढली आणि आता नऊ वर्षं झाली रस्ता सुरक्षा ऑडिटचं, म्हणजे रस्त्यात अपघाताला कारण होणारं काय आहे ते शोधून उपाय सुचवण्याचं काम करतेय, जास्त करून ठाणे आणि नवी मुंबईतच.

मला पहिलं काम मिळालं ते रस्त्यावरचं नव्हतंच. एका पोलीस स्टेशनच्या मागच्या खोलीत बसून तीन वर्षांच्या अपघातांच्या एफआयआर वाचायच्या आणि तक्ता भरायचा. तारीख, वेळ, ठिकाण, कोण कुठल्या गाडीवर, कोण मयत. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की एक वाक्य जवळजवळ प्रत्येक कागदात आहे, ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ आणि पुढे कोण गेलं ते. दीडशेच्या वर कागद वाचले असतील, पण रस्त्याची परिस्थिती नेमकी काय होती हे एकातही सापडलं नाही. दिवा होता का, पट्टे दिसत होते का, माणूस तिथून रस्ता का ओलांडत होता, काहीच नाही.

यात पोलिसांना दोष द्यायचा नाहीये. त्यांचं काम गुन्हा नोंदवून आरोपी शोधणं, बेदरकार गाडी चालवणं आणि हयगयीने मृत्यू यासाठी पूर्वी भादंवि २७९ आणि ३०४अ लागायचं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १०६, आणि त्या कलमांना जे लागतं तेच ते लिहिणार. पण त्या वाक्यातला जो भाग रिकामा राहतो तो भरणं म्हणजे आपलं काम. नऊ वर्षांत मी जे काही शिकले ते सगळं यातच येतं.

पहिली गोष्ट, ठिकाण. कागदावर ‘अमुक नाक्याजवळ’ लिहिलेलं असतं, आणि त्या नाक्याजवळ म्हणजे अलीकडे २०० मीटर की पलीकडे ४००, ते कुणालाच सांगता येत नाही. आता आयरॅड नावाचं ॲप आहे, पोलीस त्यात मोबाइलवरून अपघाताची नोंद करतात, जीपीएस पॉइंट पडतो, चांगली सोय आहे. पण फॉर्म नंतर स्टेशनला बसून भरला तर पॉइंट स्टेशनच्या दारातच पडतो, असे मी स्वतः पाहिलेत. म्हणून पंचनामा करायला गेलेला हवालदार शोधायचा, त्याला चहा पाजायचा आणि विनंती करायची की साहेब अर्धा तास द्या, जागेवर चालत जाऊन दाखवा. बहुतेक जण येतात. आणि जागेवर उभं राहिलं की त्यांना बरंच आठवतं, ‘मॅडम, तेव्हा इथे खडी पडलेली होती’, ‘हा ट्रेलर बंद पडून दोन दिवस इथेच उभा होता, मागे काही लावलेलं नव्हतं’. कागदावर नसलेलं सगळं तिथे मिळतं.

मृत्यूचे आकडेही दोन ठिकाणी तपासा. तुर्भ्याला अपघात झालेला माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातो, तिथून मुंबईला हलवतात, आठ-दहा दिवसांनी जातो, आणि आपल्या तक्त्यात तो ‘गंभीर जखमी’ म्हणून तसाच राहतो. जगभरात साधारण ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस अपघाती मृत्यूत धरतात, त्यामुळे हॉस्पिटलची नोंद जुळवल्याशिवाय तक्ता पूर्ण झाला म्हणू नका.

आता माझी एक चूक सांगते, कारण नवीन असताना ती सगळेच करतात.

ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसीच्या बाजूला एक जागा होती, दुभाजकात माणूस जाईल एवढी फट, कंपन्या सुटल्या की बायका-पुरुष घोळक्याने तिथून ओलांडायचे. साधारण साडेतीनशे मीटरवर पादचारी पूल. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, फट बंद करावी, रेलिंग लावावं, पुलाचा वापर करण्याबाबत जनजागृती करावी. रेलिंग लागलं. दोन महिन्यांनी आमचे सर मला संध्याकाळी सात वाजता तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, आता नुसतं बघ. लोक पुलावर गेलेच नव्हते. थोडं पुढे जिथे रेलिंग संपत होतं तिथून ओलांडत होते आणि तिथे दिवाच नव्हता. म्हणजे उजेडातलं क्रॉसिंग मी अंधारात नेऊन ठेवलं होतं. तिथे कुणाचा जीव गेला नाही एवढंच, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथे एक मावशी होत्या, एका हातात डबा आणि छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, गुडघ्याला पट्टा. मी विचारलं मावशी पुलावरून का नाही जात. त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, पायऱ्या मोजल्यास का? वर जाऊन खाली येईपर्यंत शेअर रिक्षा भरून जाते, पुढची कधी येईल काय भरवसा, घरी नात एकटी असते. आणि सांभाळूनच जातो आम्ही, मरायची हौस आहे का कुणाला?’ मी पायऱ्या मोजल्या, चढायला ५२ आणि उतरायला ५२, शिवाय जाऊन-येऊन सातशे मीटर चाल. मग मावशींच्या बरोबर चालले. एका बाजूचा रस्ता साधारण ११ मीटर, सिग्नलच्या हिशोबात आपण माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतो म्हणजे ९ सेकंद, पण मावशींना १४ लागले. १४ सेकंदांत ७० च्या स्पीडने येणारी गाडी २७० मीटर पार करते. म्हणजे त्या बाईने अंधारात, समोर हेडलाइट असताना, पाव किलोमीटरवरच्या गाडीचा अंदाज घ्यायचा आणि चुकली तर कागदावर येणार की पादचारी अचानक आडवा आला.

नवीन रिपोर्ट वेगळा लिहिला. दिवे, रिक्षाचा थांबा क्रॉसिंगपाशी आणणं, दुभाजकात उभं राहायला नीट जागा जेणेकरून एका वेळी एकच बाजू बघावी लागेल, आणि पादचाऱ्याने बटण दाबलं की गाड्या थांबवणारा सिग्नल. दिवे आणि थांबा चार महिन्यांत झालं, सिग्नलला सव्वादोन वर्षं लागली. हेही माहीत असू द्या, या कामात फायलीमागे फिरणं हा निम्मा जॉब आहे आणि ज्याला त्याचा कंटाळा आहे त्याने येऊ नये.

जगाचं चित्र थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये रस्त्यावर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली, त्यातली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जिथे जगातल्या साधारण ६० टक्केच गाड्या आहेत. ५ ते २९ वयातल्यांच्या मृत्यूचं ते पहिलं कारण आहे. आपल्या देशात २०२२ मध्ये १,६८,४९१. हे आकडे ऐकून कुणीतरी म्हणतंच की आपल्या लोकांना शिस्त नाही. मला हे ऐकून खरंच त्रास होतो. ठाण्याचा घोडबंदर रोड बघा, एकेकाळी दोन्ही बाजूला शेतं आणि झाडी होती, मधून हायवे. आता मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत टॉवर, शाळा, मॉल, पण मधला रस्ता अजून हायवेच्याच वळणाचा, त्यावर जेएनपीटी बंदराकडचे ट्रेलर, टीएमटीच्या बसेस, मेट्रोच्या कामाचे पत्रे, पोराला शाळेत सोडणारी स्कूटी, सगळं एकाच लेनमध्ये. विकसनशील देशांत बहुतेक ठिकाणी हेच झालंय, रस्ता होता तसाच राहिला आणि त्याच्या कडेला गाव येऊन बसलं.

स्पीडचा अभ्यास नीट करा, बाकी थोडं कमी झालं तरी चालेल. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता साधारण ४ टक्क्यांनी वाढते. ड्रायव्हरच्या डोक्यात ब्रेक मारायचं येईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात ५० ची गाडी १४ मीटर जाते आणि ७० ची १९. म्हणून स्पीड ब्रेकर हा गंमतीचा विषय नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) ९९ नंबरच्या पुस्तिकेत गोल उंचवट्याचं माप दिलंय, ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच, त्यावरून गाडी २५ ने आरामात जाते. आपल्याकडे रातोरात डांबराचा वीतभर रुंद ढिगारा टाकतात, ना पट्टे ना बोर्ड, आणि बाइकवर मागे बसलेली बाई उडून पडते. टेप घेऊन जा आणि मोजा, पहिल्या महिन्यात एवढं केलंत तरी खूप शिकाल.

हेल्मेटचंही तसंच, नीट बांधलेलं असेल तर मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, मागे बसणाऱ्यालाही तेवढंच लागू. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर सक्ती केली आणि वापर थोड्याच दिवसांत ९० टक्क्यांच्या वर गेला, कारण पहिल्या दिवसापासून खरोखर दंड घेतला. तिथे दुचाकी आपल्यापेक्षाही जास्त दाट आहेत, त्यामुळे आपल्याकडे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण द्या. आणि जवळचं उदाहरण हवं तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. २०१६ मध्ये तिथे १५१ माणसं गेली होती, मग एकेक जागा शोधून उघडे कठडे, कडेचे खांब, उभे ट्रक, ॲम्ब्युलन्स यावर काम झालं आणि मृत्यू बरेच खाली आले. म्हणजे होतं.

अभ्यासाचं पटकन सांगते. ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक केलं तर उत्तम, आयआयटी मुंबईत आहे, दिल्लीच्या आयआयटीत या विषयावर अनेक वर्षं काम चालू आहे, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात प्लॅनिंगच्या बाजूने जाता येतं. पण डिग्रीवरही शिरता येतं, ऑडिटरसाठी १५ दिवसांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (सीआरआरआय) वगैरे घेतात, मात्र त्याला अनुभव मागतात, त्यामुळे आधी दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढा. आयआरसी १०३ पादचाऱ्यांचं, ६७ बोर्डांचं, ३५ पट्ट्यांचं, एसपी ५५ चालू कामाच्या ठिकाणचं, एसपी ८८ ऑडिटचं, ही पाच उशाशी ठेवा. एक्सेल आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर यायलाच हवं. पगार सुरुवातीला बिल्डरकडच्यापेक्षा कमी मिळतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कायदाही वाचा. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९८अ आलं, रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे बांधला-राखला नाही आणि त्यामुळे माणूस गेला किंवा अपंग झाला तर ठेकेदार, सल्लागार, संबंधित यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड. मीटिंगमध्ये हे कलम शांतपणे वाचून दाखवलं की टेबलापलीकडचे लोक नीट ऐकायला लागतात. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं १३४अ सुद्धा, ते रिक्षास्टँडवर जाऊन सांगा, तिथेच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्या पाठ होईलच, हायवेच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात किंवा १० मृत्यू. पण त्या यादीत जागा येण्याची वाट बघू नका. दिवसा एकदा, रात्री एकदा आणि पावसात एकदा जा, एकदा तरी लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन ओलांडा. तुटलेली काच, कठड्यावरचा रंग, डांबरावरच्या ब्रेकच्या काळ्या रेघा, हे सगळं आधीच सांगत असतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही पोलीस अंमलदारांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग घेतलं होतं, पंचनाम्यात रस्त्याचं काय काय लिहावं यावर. गेल्या पावसाळ्यात त्यातल्याच एकाने केलेला पंचनामा माझ्याकडे आला. बाइकस्वार, वय २४, मयत. वाक्य तेच होतं, भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने. पण खाली त्याच्या अक्षरात चार ओळी जास्त होत्या, ‘घटनास्थळी पथदिवे सलग तीन बंद. खड्डा लांबी चार फूट, खोली सहा इंच, पाण्याने भरलेला. पांढरे पट्टे पुसलेले. सूचनाफलक नाही.’ मी त्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘मॅडम, टेप तुम्ही दिलेलीच वापरली.’