लिनक्सवर मोठं घड्याळ पाहिजे? एक्सक्लॉक लावा की

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपात, नाहीतर खानापूर-निपाणीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात जुने कॉम्प्युटर लिनक्स मिंटवर अजून मस्त चालतात, पण खालच्या कोपऱ्यातली ती बारीक वेळ लांबून काय दिसत नाही. त्यासाठी जड काही टाकू नका, एक्सक्लॉक बास आहे, काट्यांचं साधं घड्याळ, जुन्या मशीनवरपण हलकं.

ऑल्ट आणि एफ 2 दाबा, एक्सक्लॉक लिहा, इंग्रजीत, सगळं लहान अक्षरात आणि जोडून, मग एंटर. आलं नाही तर एक्स 11 हायफन ॲप्स नावाचं पॅकेज टाकून घ्या. टर्मिनलमधून, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीतून, चालू केलं तर टर्मिनल बंद करताच घड्याळपण जातंय, म्हणून ऑल्ट एफ 2 च बरं.

सेकंद काटा पहिल्यांदा दिसत नाही आणि लोकांना वाटतं घड्याळ अडकलंय, तसं नाही ओ, ते मिनिटाला एकदाच बदलतं. नावापुढं स्पेस, डॅश अपडेट, स्पेस, 1 असं लिहा, काटा पळायला लागतोय बघा. आकडे पाहिजेत तर डॅश डिजिटल. खिडकीचा कोपरा ओढला की डायल मोठी होते, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ऑलवेज ऑन टॉप केलं की बिलाच्या खिडकीखाली दबत नाही. हीच ओळ स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये टाका, रोज आपोआप येईल.

आता वेळच चुकत असेल तर आधी टाइमझोन एशिया कोलकाता आहे का बघा. विंडोज पण असलेल्या मशीनवर बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतोय, कारण लिनक्स मदरबोर्डावरच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपल्याकडची वेळ समजतं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, 1 मारा. नंतर वॉर्निंग दिसेल, पण ती मुख्यतः उन्हाळी वेळ बदलणाऱ्या देशांसाठी, आपल्याकडं तो प्रकारच नाही.

आणि लाइट गेली की दरवेळी तारीख जुन्या वर्षावर जात असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, बोर्डावरचा सीआर 2032 सेल बदला.

घरचं कोण दुबईत असेल तर जीनोम क्लॉक्स नावाच्या ॲपमध्ये वर्ल्ड टॅबला दुबई टाका, तिकडची वेळ दीड तास मागं दिसते. त्यातला अलार्म मात्र मशीन सस्पेंडला, म्हणजे झोपेत गेलं की वाजत नाही, सकाळी उठायला मोबाइलच लावा.